सात हंगामांची पतंगांची वही: छापून येण्याआधी सगळ्यांना द्यावी का?

वणाकाठचा, ता. हिंगणघाट

नमस्कार मंडळी. लिहिणं लांबलं आहे, पण पूर्ण वाचून सांगा. पुढच्या आठवड्यात मला एकांना उत्तर द्यायचं आहे.

माझं नऊ एकर वावर, वणा नदीच्या काठाने. सहा एकरांत पऱ्हाटी, बाकी तूर आणि सोयाबीन. १९९७ मध्ये बी.एस्सी. झालो आणि तेव्हापासून शेतीच. २०१७ चा हंगाम विदर्भातल्या कोणाला नव्याने सांगायला नको. दिवाळीनंतर हिरवं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, कापसाची कवडी झालेली. बाहेरून बोंड चांगलं दिसायचं, कारण अळी लहान असतानाच आत शिरते आणि तिचं छिद्र बुजून जातं. त्या वर्षी तिसरा वेचा केलाच नाही. उभ्या पऱ्हाटीत ढोरं सोडली.

पुढच्या वर्षी कामगंध सापळे, म्हणजे या अळीचे पतंग गंधाने ओढून घेणारे सापळे लावले, एकरी दोन. लांब प्लॅस्टिकची पिशवी लोंबणारे, वर ल्युरची, म्हणजे त्या गंधाची गोळी. आणि दोनशे पानांची एक लांब वही घातली. रोज सकाळी ऊन चढायच्या आत जायचं, पिशवीची खालची गाठ सोडायची, पतंग डब्याच्या झाकणावर झटकायचे आणि मोजायचे. साळीच्या दाण्याएवढा राखाडी-तपकिरी पतंग, बोटाला लावला तर पंखाची भुकटी चिकटते. दवाने भिजलेले असले की एकमेकांना चिकटतात, मग काडीने वेगळे करावे लागतात. मी नसलो तर बायको मोजते, सुट्टीत मुलगी. २०१८ पासून २०२४ पर्यंत सात हंगाम झाले, आठवा चालू आहे. बारा सापळे, प्रत्येकाचा रकाना वेगळा. शेजारी पावसाची नोंद, फवारणीची तारीख, दर आठवड्याला वीस हिरवी बोंडं फोडून त्यांतली किती किडकी निघाली तो आकडा, आणि डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुलं.

या वहीचा उपयोग गावाला झाला आहे. एका सापळ्यात रात्री आठ पतंग, असे सलग तीन रात्री आले की फवारणीची वेळ झाली, हा हिशेब आम्हाला शिकवला होता. पण प्रत्येकाच्या वावरात सापळा नाही. म्हणून लोक सकाळी रस्त्यात थांबवून विचारतात, ‘भाऊ, आज वही काय म्हणते?’ मी सांगतो. फुकटची फवारणी टळते, आणि एका फवारणीचे औषध-मजुरीचे पैसे काय होतात ते तुम्हाला माहीत आहे.

आता अडचण. गेल्या वर्षी एका महाविद्यालयाचे प्राध्यापक आले. माणूस चांगला आहे, हे आधीच सांगतो. ओसरीवर बसून त्यांनी दोन दिवस वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढला आणि निघताना म्हणाले, ‘यावर शोधनिबंध करू, तुमचं नाव टाकतो, पण तो छापून येईपर्यंत वही कोणाला दाखवू नका. आधी बाहेर गेलं तर जर्नल घेत नाही.’ मी हो म्हणालो. चौदा महिने झाले. एका जर्नलने नाकारलं, दुसऱ्याकडून उत्तर नाही. तिसरं सापडलं ते ‘आठ दिवसांत छापतो, फी भरा’ म्हणणारं. फी निम्मी मी द्यावी असं सरांचं म्हणणं आहे. त्याचंच उत्तर मला द्यायचं आहे.

मधल्या काळात शेजारच्या तालुक्यातल्या एका शेतकरी गटाने आकडे मागितले. शब्द दिला होता म्हणून मी दिले नाहीत. ऑक्टोबरात त्यांच्याकडे अळी आली. माझ्या आकड्यांनी ती थांबली असती असं मी म्हणत नाही. पण माझ्या धुऱ्यावरचे सापळे सप्टेंबरातच वर जाताना दिसत होते आणि मी गप्प होतो, हे मनातून जात नाही.

दुसरी गोष्ट. आमच्याच भागातल्या बोंडअळीवर झालेला एक निबंध मला वाचायचा होता. वर दोन परिच्छेदांचा सारांश, खाली कुलूप. उघडायचे जवळपास चाळीस डॉलर, म्हणजे साडेतीन हजार रुपये. २०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये, तोही मिळाला तर. एक निबंध वाचायला अर्धा क्विंटल कापूस! ज्या वावरांतून त्या अळ्या गोळा केल्या, त्यांतल्या एकाही शेतकऱ्याने तो वाचलेला नसेल.

आणि तिसरी. सगळे सांगतात की अमावस्येच्या आगेमागे फवारा, तेव्हा पतंगाची अंडी जास्त पडतात. मी सातही हंगामांत अमावस्या-पौर्णिमा लाल पेनाने खूण करून ठेवल्या आहेत. माझ्या सापळ्यांत अमावस्येला पतंग वाढलेले दिसत नाहीत. सर म्हणाले, ‘हे सोडून द्या, फरक दिसला असता तर छापता आलं असतं.’ मला हे पटत नाही. फरक दिसला नाही, हेही कोणाला तरी कळायला नको का?

तर विचारायचं एवढंच. वही अशीच सगळ्यांसाठी खुली केली तर सरांचा निबंध खरंच बुडेल का? माझं नाव त्यावर राहील का? आणि करायचं तर कुठे आणि कसं?

ग्रंथालय_दारव्हा

दादा, आधी फीचं बोलते. देऊ नका. आठ दिवसांत छापणारं जर्नल काही तपासत नाही, तपासायला माणसंच नसतात. आमच्या ग्रंथालयात दर महिन्याला कोणीतरी तरुण प्राध्यापक अशी पावती घेऊन येतो आणि नंतर पस्तावतो. फी घेणारी चांगली जर्नलंही असतात, पण ती मोफत वाचायला देतात म्हणून लेखकाकडून खर्च घेतात आणि त्यांत तपासणीला महिने जातात. फी नसलेलीही बरीच आहेत.

‘आधी बाहेर गेलं तर जर्नल घेत नाही’ हे आता सरसकट खरं नाही. भौतिकशास्त्रवाले १९९१ पासून आपले निबंध छापण्याआधी आर्काइव्ह नावाच्या संकेतस्थळावर उघडे ठेवतात. ते पॉल गिन्स्पार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत सुरू केलं. जीवशास्त्रासाठी तसंच बायोआर्काइव्ह २०१३ मध्ये आलं. तिथे ठेवलेल्या कच्च्या निबंधाला प्रीप्रिंट म्हणतात आणि बहुतेक मोठी जर्नलं प्रीप्रिंट झालेला निबंध स्वीकारतात. काही अजून नाही म्हणतात, म्हणून ज्या जर्नलकडे पाठवायचं त्याचा नियम सरांनी आधी वाचावा. पण तुमचा प्रश्न त्याच्याही अलीकडचा आहे. वही म्हणजे निबंध नव्हे, ते नुसते आकडे आहेत. आकडे उघडे ठेवले म्हणून त्यावरचा निबंध बाद होत नाही. उलट कितीतरी जर्नलं हल्ली विचारतात की तुमचे आकडे कुठे ठेवलेत ते दाखवा.

ठेवायचं कुठे? झेनोडो म्हणून एक जागा आहे, युरोपातली सर्न ही संस्था चालवते, २०१३ पासून आहे आणि फुकट आहे. तिथे फाइल चढवली की तिला डीओआय नावाचा कायमचा क्रमांक मिळतो. त्यावर तुमचं नाव आणि तारीख असते. उद्या कोणीही ते आकडे वापरले तर त्या क्रमांकाने तुमचा उल्लेख करता येतो. नवीन हंगाम झाला की नवी आवृत्ती जोडता येते, जुनी तशीच राहते. परवाना निवडताना क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘श्रेय द्या आणि वापरा’ हा घ्या.

कुलूपबंद निबंधाबद्दल. लेखकाचा ईमेल सारांशाखाली असतो. दोन ओळी लिहा, मी शेतकरी आहे, तुमचा निबंध वाचायचा आहे. माझा अनुभव असा की बहुतेक जण पीडीएफ पाठवतात, आणि शेतकऱ्याचं पत्र आलं म्हणून त्यांना आनंदच होतो. पीएचडीचे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर मिळतील, कृषी विद्यापीठांचे कृषिकोश या संकेतस्थळावर. पुष्कळ लोकांना कृषिकोश माहीतच नाही.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही सरकारी खर्चाने कुलूपबंद जर्नलं वाचायला देणारी केंद्राची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांचे ६,००० कोटी, तीस प्रकाशक, जवळपास तेरा हजार जर्नलं. आमच्यासारख्यांना ती मोठी गोष्ट आहे. पण ती सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांमधल्या लोकांसाठी आहे. तुम्ही वणाकाठी बसून लॉगिन करू शकत नाही. पैसा सगळ्यांच्या करातला आणि किल्ली काहींकडे, हे मला बरोबर वाटत नाही आणि मी ते प्रत्येक बैठकीत बोलते.

कीटकवेडी, वाशिम

काका, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी कीटकशास्त्रात पीएचडी करतेय, त्यामुळे आधी शास्त्राचं सांगते, मग माझं.

अमावस्येचं. कामगंध सापळ्यात फक्त नर येतात. ल्युरमध्ये मादीचा गंध असतो, त्या गंधाला भुलून नर शिरतात. अंडी मादी घालते. तेव्हा तुमच्या वहीतून एवढंच म्हणता येतं की अमावस्येला नर पतंगांची आवक वाढली नाही. अंडी वाढली की नाही ते या आकड्यांवरून कळत नाही. म्हणून तुमची नोंद खोटी ठरत नाही, तिचा अर्थ तेवढाच धरायचा. पण तुम्ही दर आठवड्याला वीस बोंडं फोडता ना? अमावस्येनंतरच्या आठवड्यांतली किडकी बोंडं आणि पौर्णिमेनंतरची, अशी लावून बघता येतील. ते मला खरंच बघायचं आहे.

आणि ल्युर बदलल्याच्या तारखा लिहिल्यात का? नवा ल्युर लावला की पुढचे काही दिवस पतंग जास्त येतात. त्या तारखा नसतील तर वाचणारा त्या उसळीला अळीचा हल्ला समजेल.

आता माझं. माझ्याकडे दोन हंगामांच्या अशा चाचणीचे आकडे आहेत ज्यात आम्ही वापरलेल्या उपायाचा काहीच परिणाम दिसला नाही. मार्गदर्शक म्हणाले, प्रबंधात घाल, पण निबंध होणार नाही. मागच्या वर्षी एका परिषदेत दुसऱ्या राज्यातली मुलगी भेटली. तिनेही तीच चाचणी केली होती आणि तिलाही काही दिसलं नव्हतं. मी चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिले. तिचे दोन हंगाम आणि माझे दोन. मजुरी, बियाणं, एका शेतकऱ्याने विश्वासाने दिलेला अर्धा एकर. माझे आकडे पहिल्याच वर्षी कुठेतरी उघडे असते तर तिने दुसरं काहीतरी करून पाहिलं असतं. मिळालं नाही ते लपतं आणि मिळालं ते छापतं, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की प्रत्येक उपाय लागू पडतो.

छापण्याची वाट न बघण्याची रीत नवीन नाही. मानवी जनुकसंचाचं काम चालू होतं तेव्हा १९९६ मध्ये बर्म्युडात जमलेल्या शास्त्रज्ञांनी ठरवलं की प्रयोगशाळेत निघालेला डीएनएचा क्रम २४ तासांच्या आत सगळ्यांसाठी खुला करायचा. निबंध मागाहून आले. तुमचे सापळे तर रोज सकाळी बोलतात. पतंग मोजल्यापासून बोंडात अळी दिसेपर्यंत हातात थोडेच दिवस असतात, आणि जर्नलचं उत्तर यायला चौदा महिने.

सरांना दुखवू नका. त्यांना सांगा की आकडे खुले होतील आणि विश्लेषण त्यांचं राहील. चांगला निबंध झाला तर तो या आकड्यांचा क्रमांक देऊनच छापावा.

धानवाला, नागभीड

भाऊ, एक बाजू मी मांडतो, कारण माझा तालुका दादाजी खोब्रागडेंचा.

नांदेड म्हणून आमच्याकडचं लहान गाव. तिथल्या या माणसाने १९८३ मध्ये पटेल-३ धानाच्या बांधीत वेगळ्या रंगाच्या लोंब्या पाहिल्या. त्या वेगळ्या काढल्या, वर्षानुवर्षं लावून निवडत गेले आणि एचएमटी तांदूळ तयार झाला. आज देशभर दुकानात ते नाव दिसते. जवळ दीड एकर जमीन. १९९४ मध्ये अभ्यासाला म्हणून त्यांच्याकडून पाच किलो बियाणं नेलं गेलं आणि १९९८ मध्ये तेच शुद्ध करून सरकारी वाण म्हणून बाहेर आलं. दादाजींना त्यात स्थान नव्हतं. पुढे २००५ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हातून सन्मान झाला, पण २०१८ मध्ये गेले तेव्हा घरची परिस्थिती काय होती ते आम्ही पाहिलं आहे.

म्हणून मोकळ्या हाताने द्या म्हणणाऱ्यांना मी विचारतो, कोणाच्या नावाने? तेव्हा तर शेतकऱ्याच्या वाणाची नोंद करून घेणारा कायदाच नव्हता. तो २००१ मध्ये आला. तुमचे आकडे आहेत, बियाणं नाही, तेव्हा ताईंनी सांगितलेल्या तारखेच्या क्रमांकाने काम भागेल. पण कोणाजवळ निवडलेलं वाण असेल तर आधी नोंदणी, मग गाजावाजा. आणि वहीच्या फोटोंचं काय? ते सरांकडे आहेत, तुमच्याकडे कागद काय आहे? आधी तारीख तुमची पडू द्या.

कोरचीकर

गडचिरोलीतून लिहीत आहे. आमच्या ग्रामसभेने जैवविविधतेची नोंदवही केली तेव्हा दोन बैठका याच गोष्टीवर गेल्या. कोणती झाडं आहेत ते सगळ्यांना सांगायचं ठरलं. पण औषधी कंद जंगलात नेमका कुठे आहे ते लिहिलं नाही, कारण ते वाचून पहिला येईल तो उपटून नेणारा. वही उघडी करण्याआधी तुम्हीही प्रत्येक पान या नजरेने बघा. तुमचं नसलेलं काही त्यात आहे का?

वणाकाठचा, ता. हिंगणघाट

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर बोललो नाही, कारण वही पानापानाने परत वाचत होतो.

कोरचीकर भाऊ, तुमच्या प्रश्नाने मला वाचवलं. शेवटच्या रकान्यात मी शेरे लिहितो. त्यात कोणी चोर बीटी लावलं त्यांची नावं आहेत. तणनाशक सहन करणारं ते बियाणं बेकायदेशीर आहे, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. एका पानावर फवारताना चक्कर येऊन दवाखान्यात नेलेल्या सालदाराचं नाव आहे, कोणतं औषध, किती वाजता, सगळं. ती पानं जशीच्या तशी गेली असती तर माझ्या शेजाऱ्यांच्या दारात माणसं उभी राहिली असती. तो रकाना अख्खा गाळला. सालदाराच्या घरी जाऊन विचारलं. तो म्हणाला, औषधाचं नाव लिहा, माझं नको. तसं केलं.

कीटकवेडी बाई, ल्युरच्या तारखा पहिल्या दोन वर्षांत नाहीत. मला ते महत्त्वाचं आहे हेच माहीत नव्हतं. फाइलच्या सुरुवातीलाच तसं लिहिलं आहे. २०२० पासूनच्या आहेत. अमावस्येबद्दल तुमचं वाक्य घेतलं: नर वाढले नाहीत, अंड्यांचं सांगता येत नाही. बोंडांचे आकडे वेगळ्या पानावर आहेत, ते तुम्हीच लावून बघा.

एक गोष्ट आकडे उतरवताना दिसली. सातपैकी पाच हंगामांत सगळ्यात आधी पतंग आले ते सात नंबरच्या सापळ्यात. तो माझ्या घराकडच्या धुऱ्यावर आहे, आणि तिथून पन्नास पावलांवर आम्ही सरपणाला पऱ्हाट्यांची गंजी रचतो. किडकी बोंडं त्या पऱ्हाट्यांवरच राहतात आणि त्यांतल्या अळ्या तिथेच दबून बसतात. गंजी वावराजवळ ठेवू नका, हे दर मेळाव्यात ऐकलं होतं. स्वतःच्या अक्षरात सात वर्षं लिहूनही मला ते दिसलं नव्हतं. परवा गंजी हलवली.

सरांशी फोनवर बोललो. आधी नाराज झाले, म्हणाले मेहनत वाया जाईल. मी त्यांना सांगितलं की तुमच्याशिवाय हे कागदावरून संगणकात आलंच नसतं, म्हणून तुमचंही नाव लावतो. दुसऱ्या दिवशी त्यांनीच फाइल पाठवली, जी त्यांनी वर्षभरापूर्वी टंकून ठेवली होती. फी कोणीच भरत नाही. काल संध्याकाळी मुलीने २०१८ आणि २०१९ झेनोडोवर चढवले. माझं, बायकोचं, मुलीचं आणि सरांचं नाव आहे. मोजणी तिघांची होती. नागभीडच्या भाऊ, क्रमांकाची छापील प्रत वहीच्या पहिल्या पानाला चिकटवली आहे.

शेजारच्या तालुक्यातल्या गटाला या हंगामाचे आकडे आता रोज सकाळी व्हॉट्सॲपवर जातात.

ग्रंथालय_दारव्हा

दादा, फाइल उघडून पाहिली, फार नीट आहे. एक कळलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये काही रकान्यांत आकडा नाही, ‘वा. प.’ लिहिलं आहे. आमच्याकडच्या एका मुलाने आलेख काढताना तिथे शून्य धरला.

वणाकाठचा, ता. हिंगणघाट

शून्य धरू नका ताई. ‘वा. प.’ म्हणजे वाऱ्याने पडला. त्या रात्री सापळा चिखलात होता, पतंग किती होते ते कोणालाच माहीत नाही. जिथे एकही पतंग आला नाही तिथे मी शून्यच लिहिला आहे. आज दुपारी फाइलमध्ये तशी ओळ घालतो.